चार वाजता उघडायची पेटी

१

करंजवाडी ग्रामवाचनालयातला एकुलता एक कॉम्प्युटर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेला, आणि दुपारच्या चहापर्यंत त्याचा मारेकरीही ठरून गेला.

त्याच्या पुढच्या सकाळी विशाखा ओव्हाळ एसटीतून उतरली. टाकव्याच्या पुढच्या रस्त्यानं तिची कंबर खिळखिळी केली होती, आणि गुडघे तर वडगावातूनच कुरकुरत निघाले होते. वडगावला कोर्टामागच्या गल्लीत तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बावन्न वर्षांत या विषयाचा एकही वर्ग तिनं केला नव्हता. तरुणपणी एका सायबर कॅफेत झाडू मारायला होती. मालक बंद पडलेली मशिनं मागच्या खोलीत टाकायचा आणि ही दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ती उघडत बसायची. तेव्हापासून उघडतेच आहे. अलीकडे तिला वाटायचं, माणसांनाही बाजूला दोन स्क्रू असते तर किती बरं झालं असतं.

दारात पायल उभी होती. सव्वीस वर्षांची, विहाराजवळच्या आळीतली. चार महिने विशाखाच्या दुकानात शिकली आणि गेल्या वर्षी इथं वाचनालयात लागली. गावाचे उतारे, पोरांचे फॉर्म, म्हाताऱ्यांचे एसटीचे पास, सगळं तिच्या हातून जायचं. तिच्या आळीतलं वाचनालयाच्या कमिटीनं कामावर घेतलेलं पहिलं माणूस.

"ताई, रात्री झोपच नाही लागली."

"मलाही नाही. पण माझं वयामुळं. चल, दाखव."

खोलीत टेबलाशी वाचनालयाचे अध्यक्ष दत्तोबा बसले होते. पांढरी टोपी, समोर ठरावाची वही. शेजारी सीपीयूची पेटी. पेटीच्या कडेवर कागदाची पट्टी आडवी चिकटवलेली. पट्टीवर सही, सहीवर शिक्का, आणि शिक्क्यावर पुन्हा सही.

"या ओव्हाळबाई. तुमच्याच दुकानातली रॅम. तुमच्याच हाताखाली शिकल्याली पोरगी," दत्तोबा म्हणाले. "कॉम्प्युटर हळू चालतोय म्हून मोठी रॅम पायजे म्हनली, आमी दिली. नवमीच्या सांजंला हिनं बसवली. दसऱ्याला सुट्टी. काल बटन दाबलं, तर पडद्यावर अंधार! पेटी उगडली हिनं, म्हंजी बिगडवली हिनं. यात तपास कसला?"

"मग मला येऊ कशाला दिलंत, आबा?"

"उद्या कुणी म्हनाया नको, ऐकूनच घेतलं न्हाई." त्यांनी वही तिच्याकडं वळवली. ठराव आधीच सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता : पायल हिने निष्काळजीपणे पेटी उघडून वाचनालयाचा संगणक निकामी केला, सबब तिला आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली सह्यांसाठी जागा. "चारला कमिटी बसंल. पंचांच्या देखत पट्टी फोडायची. तवर पेटीला बोट लावायचं न्हाई."

"बटण दाबलं तर चालेल?"

दत्तोबांनी विचार केला. "बटन भाईर हाय. दाबा."

विशाखानं दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला. आणि पेटीतून एक लांब, रडका आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

विशाखाच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी हललं.

२

"पायल, कामशेतच्या त्या गोरखला बोलावलं होतं म्हणालीस ना?"

"काल आला होता. बटण दाबलं, आवाज ऐकला आणि म्हणाला, बोर्ड जळाला, नवीन घ्या. उघडलासुद्धा नाही."

विशाखानं गोरखला फोन लावला. मागे कुठल्याशा मिक्सरची घरघर चालू होती.

"गोरख, तू बोर्ड जळाला म्हणून सांगितलंस?"

"मग काय सांगू ताई? रॅम तुमच्याकडनं घेतली त्यांनी. निस्तं बटण दाबायला मला दोन डोंगर ओलांडून बोलावलं. आणि पट्टीला हात लावायचा नाही म्हणे. जळाला म्हटलं आणि आलो निघून."

"दसऱ्याला कुठं होतास?"

"दुकानात पूजा, मग सासुरवाडी. का? माझ्यावर घेताय का आता?" तो हसला. "ताई, रागावलो होतो, पण एवढं तंगडतोड करून कुणाची रॅम काढायला कोण येतंय?"

हे तिला पटलं. आळशी माणूस गुन्हाही जवळपासच करतो.

तिनं फोन ठेवला आणि दत्तोबांना ऐकू जाईल अशा बेतानं पायलला म्हणाली, "चालू होताना कॉम्प्युटर आधी स्वतःची रॅम चाचपून बघतो. सापडली नाही तर असा लांब आवाज काढतो. हा आवाज काढतो कोण, तर आतला मुख्य बोर्ड. जळालेला बोर्ड ओरडत नाही. म्हणजे बोर्ड जिवंत आहे. रॅम तेवढी त्याला सापडत नाहीये."

"मंजी गेली कुटं?" दारातून आवाज आला. दत्तोबांचा पुतण्या निलेश आत आला. लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवायचा. "मी म्हनलोच होतो काका. काढून इकली आसंल."

पायलचे ओठ पांढरे पडले. विशाखानं पिशवीतून छोटी बॅटरी काढली. पेटीच्या बाजूला हवा जायला जाळी होती. पट्टीला धक्का न लावता तिनं उजेड आत सोडला आणि एक डोळा मिटला.

"निलेश, ये. बघ काय दिसतं."

निलेश वाकला. "हिरवी पट्टी हाय. उभी. वर पांढरं लेबल."

"लेबलावर माझ्या दुकानाचा शिक्का आहे. वाच."

त्यानं वाचलं. मग मागं सरकला.

"रॅम जागेवर आहे, बोर्ड जिवंत आहे," विशाखा म्हणाली, "आणि तरी दोघांची भेट होत नाहीये."

आणखी एक गोष्ट तिला दिसली होती, ती तिनं स्वतःपाशीच ठेवली. जाळीवर कुठंही धूळ नव्हती. वाचनालयाच्या बाकी प्रत्येक फटीत ती होती.

३

बाहेर ओट्यावर तिनं पायलला शेजारी बसवलं. "आता नवमीची संध्याकाळ सांग. घाई करू नकोस."

"जुनी रॅम काढली, नवीन बसवली. दुसरी खाच दोन पावसाळ्यांपूर्वी पालीनं बाद केलीय, ती आत मरून पडली होती, आठवतं? म्हणून एकाच खाचेत. चालू केला. झाला की चालू!" तिनं मोबाइल पुढं केला. फोटोत कॉम्प्युटरचा पडदा, त्यावर रॅमचा नवा आकडा, कोपऱ्यात नवमीची तारीख, संध्याकाळचे पाच बावन्न. "मी आबांना दाखवला. म्हणाले, त्यानंतर काय केलंस कुणाला ठाऊक."

"त्यानंतर काय केलंस?"

"बंद केला. कुलूप लावलं. दसऱ्याला आम्ही सगळे पहाटेच देहूरोडला गेलो होतो, विहारात. रात्री परत. काल आले, बटण दाबलं, तर हे."

"बसवताना कुणी होतं तुझ्याजवळ?"

"नाही," पायल म्हणाली. फार लवकर म्हणाली.

विशाखानं तिच्याकडं पाहिलं, पण ताणलं नाही. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला जरा वेळ द्यावा लागतो.

निलेश गाडी पुसत होता. ती त्याच्याकडं गेली. "दसऱ्याला होतास गावात?"

"कुटलं! चार दिवस जोडून सुट्ट्या. पहाटे पाचपासून टायगर पॉइंट, भुशी, टायगर पॉइंट. गाडीची पूजा बी माज्या बायकूनं, पिंकीनं, रातचीच उरकली." तो थांबला. "ताई, खरं सांगू का? पिंकीला ही जागा मिळावी आसं वाटतंय मला. लपवत न्हाई. पन मशीन मोडायची आक्कल मला आसती तर गाडी कशाला चालवली आसती?"

"मोडायला अक्कल लागत नाही."

"मंग मी मोडून टाकली आसती की. ठोकून."

हेही तिला पटलं. ज्यानं कुणी पेटी उघडली, त्यानं काही ओरबाडलं नव्हतं. रॅम पुन्हा खाचेत उभी केली होती, स्क्रू फिरवून बसवले होते. वर जाळी पुसली होती. पंचवीस वर्षांत तिनं रागानं उघडलेल्या पेट्या खूप पाहिल्या होत्या. ही कुणीतरी मायेनं उघडली होती.

आणि वाचनालयाची दुसरी किल्ली कुणाकडं असते, हे तिनं अजून विचारलंच नव्हतं.

४

"किल्ली माज्याकडं आसती," चहाचा पेला पुढं करत निवृत्तीमामा म्हणाले.

हे वाचनालयाचे शिपाई. साठी कधीच ओलांडलेली, धोतर गुडघ्याच्या वर. एकतीस वर्षं इथं झाडत होते, पाणी भरत होते. पायलनं मागं एकदा सांगितलं होतं : कामाच्या पहिल्या दिवशी तिनं घरून पाण्याची बाटली नेली, कारण कशाला उगाच. दुपारी मामांनी ती बाटली न विचारता उचलली, सगळ्यांच्या माठातून भरली आणि तिच्या टेबलावर दण्णकन ठेवली. त्यावर गावात कुणी काही बोललं नाही.

चहा गुळाचा होता. विशाखा घुटके घेत खोली बघत बसली. परवाचा दसरा अजून तिथंच होता. झेंडूच्या सुकत्या माळा कपाटाला, खिडकीला, मामांच्या सायकलीला, कॉम्प्युटरलाही. आणि सगळीकडं हळदीकुंकवाची बोटं.

सायकलीला हॅंडलवर काही नव्हतं. बोटं साखळीवर होती. कोपऱ्यातल्या कोयत्याला मुठीवर नाही, पात्यावर. टेबलावरच्या स्टेपलरला जबड्यात. कुलपाला किल्लीच्या भोकाशी.

"मामा, हे असं आडजागी का लावता?"

"आडजागी?" मामांना वाईट वाटलं. "आवो, जितं काम हुतं तितं लावायचं. आमच्या बाचं सांगनं हाय. कोयता काय मुठीनं कापतो व्हय? पूजा कामाची. रूपाची न्हवं."

"खरं आहे."

ती पुन्हा बघू लागली. पाण्याच्या पिंपाला नळाशी. पंख्याच्या बटणाला. दारावरच्या घंटेला आत, लोलकाला. मग तिची नजर कॉम्प्युटरवर येऊन थांबली. माळ होती. कुंकू नव्हतं. पडद्याला नाही, कीबोर्डला नाही, बटणालाही नाही. अख्ख्या खोलीत कामाची एकच वस्तू मामांनी कोरडी ठेवली होती, आणि तीच सगळ्यांत मोलाची.

पेला तिनं अलगद खाली ठेवला.

"मामा, कॉम्प्युटरला नाही लावलं?"

"लावलं की," मामा म्हणून गेले.

"कुठं?"

मामांनी हातातली किटली टेबलावर ठेवली. दारात पायल येऊन उभी होती, तिनं डोळे मिटले.

"मामा, तिला मी विचारलं, बसवताना कुणी होतं का. ती नाही म्हणाली. आता तुम्हाला विचारते."

"मी हुतो," मामा म्हणाले. आवाज खूप खाली गेला होता. "मी इचारलं हिला, पायल, ह्यात काम करनारं कुटलं गं? हिनं ती पट्टी दावली. खालच्या आंगाला सोन्यावानी दात हायेत. म्हनली, मामा, सगळं ह्यातनंच जातं."

"आणि दसऱ्याला?"

"समदं धुतलं-पुसलं. पेटी बी पुसली. दोन इस्क्रू हातानंच फिरत्यात, ते फिरवलं. पट्टी काढली. हळद-कुंकू पान्यात कालवलं आन् त्या दातांवर पाच बोटं वढली. परत हुती तशी दाबून बसवली. नवी वस्तू, पोरीची नवकरी, म्हनलं चांगलं चालू दे." त्यांनी वर पाहिलं. "ताई, देवाच्या कुंकवानं कुनाचं वाईट हुतंय व्हय?"

विशाखानं पेटीकडं पाहिलं. ओलं कुंकू वाळलं, दातांवर कवच बसलं. बोर्डाला रॅम सापडणार कशी? पण ओल्यातच वीज गेली असेल तर रॅमही जळालेली असू शकते, खाचही. काल बटण दाबलं तेव्हा ते वाळलेलं होतं की ओलं, ते आत बघितल्याशिवाय कळणार नव्हतं.

"तू का नाही बोललीस?" तिनं पायलला विचारलं.

"काल आबा ओरडले तेव्हाच डोक्यात आलं. पण नक्की ठाऊक नव्हतं. आणि..." पायल मामांकडं न बघता म्हणाली, "मला काय, दुसरीकडं काम मिळेल. यांना कोण देणार?"

"तुला मिळेल का दुसरीकडं?"

आंदर मावळात कॉम्प्युटरचं दुसरं टेबल नव्हतं, आणि घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिला दिवसभर एकटं टाकून वडगावला रोज कसं जाणार?

पावणेचार वाजले होते. विशाखा उठली, गुडघ्यांनी आपली तक्रार नोंदवली.

"मामा, चारला मी पट्टी फोडणार. आत लाल दिसणार. त्याआधी तुम्ही बोललात तर तुम्ही सांगितलं असं होईल. नंतर बोललात तर सापडले असं होईल. मी तुमचं नाव घेणार नाही. पण हिचंही जाऊ देणार नाही."

मामांनी किटली उचलली आणि पेले विसळायला घेतले.

५

चारला पाच पंच जमले. निलेश दाराला टेकून. दत्तोबांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं.

विशाखा उभ्यानंच बोलली, थकल्या माणसासारखी, मोजकं. "बोर्ड जिवंत आहे, तो ओरडतो. रॅम जागेवर आहे, निलेशनं पाहिली. नवमीला सहाच्या सुमाराला सगळं चालत होतं, फोटो आहे. दसऱ्याला पायल देहूरोडला होती. म्हणजे दसऱ्याला कुणीतरी पेटी उघडली. गोरख आला नाही, निलेश लोणावळ्यात होता. बिघडवायला उघडली म्हणावं, तर स्क्रू परत बसवलेत, धूळ पुसलीय. आता या खोलीत बघा. प्रत्येक वस्तूला, ती जिथं काम करते तिथं, कुंकू आहे. कॉम्प्युटरला बाहेर कुठंच नाही."

पंचांनी माना वळवल्या. कुणी घंटेकडं बघितलं, कुणी कुलपाकडं. विशाखानं पट्टीखाली नख घातलं.

"थांबा ताई." निवृत्तीमामा पुढं आले. हात जोडलेले, बोटांच्या पेरांत अजून पिवळं. "मी उगडली. मी कुंकू लावलं, आत. पोरीचा काय बी गुन्हा न्हाई."

विशाखानं पट्टी फोडली. रॅम उपसून उजेडात धरली. सोनेरी दातांवर पाच लाल-पिवळे पट्टे, वाळून खडखडीत.

तिनं पिशवीतून शाळकरी खोडरबर काढला आणि एकेक दात घासू लागली. प्रथमोपचाराच्या पेटीतलं स्पिरिट मागवलं, जुन्या टूथब्रशनं खाच झाडली. टेबलावर लाल चुरा जमत गेला. तिनं रॅम दाबून बसवली आणि पायलला म्हणाली, "बटण तू दाब."

पायलनं दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. सगळे त्या रडक्या आवाजाची वाट बघत होते.

आला तो एकच, छोटा. मग पडदा उजळला.

आणि खोली हसू लागली. आधी एक पंच, मग सगळे. "निवृत्ती, लेका, कॉम्प्युटरच्या दातांना कुंकू!" "पुढल्या साली मोबाइलची ओटी भर!" दत्तोबासुद्धा टोपी सावरत हसले. "जाऊ द्या. भाबडा मानूस. चुकून झालं." मामा ओशाळे हसले, डोळ्यांतून पाणी गळत होतं. कुणी त्यांची पाठ थोपटली.

विशाखा रबराचा चुरा गोळा करत राहिली. दोन मिनिटांत निकाल लागला होता. कागदाची पट्टी नाही, शिक्का नाही.

"आबा," पायल म्हणाली. हसणं हळूहळू थांबलं. "माझ्या हातून झालं असतं तरी असंच हसला असता का?"

दत्तोबांनी पेनाकडं पाहिलं. मग वहीकडं. "फाडतो पान," ते शेवटी म्हणाले.

"फाडू नका. राहू दे ते. त्याच्याखाली लिहा."

"काय लिवू?"

"हे पेटी न उघडता लिहिलं होतं, असं लिहा."

दत्तोबांनी वही पुढं ओढली आणि लिहिलं. मघासारखं अक्षर सुवाच्य आलं नाही, पण लिहिलं, आणि सही केली. मग वही पंचांकडं सरकवली. पाचांनीही केल्या.

बाहेर पाचच्या एसटीनं हॉर्न दिला. विशाखानं पिशवी खांद्याला लावली. दारातून मागं वळून बघितलं तर निवृत्तीमामा पेटीसमोर अपराध्यासारखे उभे होते, आणि पायल खडू घेऊन खाली बसली होती. पेटीच्या बाहेरच्या अंगावर, बटणाच्या जरा वर, तिनं एक छोटा गोल काढला.

"मामा," ती म्हणाली, "पुढल्या दसऱ्याला इथं."